मागच्या खड्ड्याला पाणी

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. मशीनची पूजा दहालाच आटोपली. कॉम्प्रेसर, वेल्डिंगचा सेट, रंगाची गन, सगळ्यांना झेंडू. अकोल्याच्या औद्योगिक इस्टेटमधले चारपाच मालक आले. एकानं त्याची मोटर ऐकायला म्हणून हात धरून नेलं. बेअरिंग गेलं, दारातूनच सांगितलं. "नारायणभाऊ, तुमचा कान म्हंजे कान हाय बाप्पा!" हे ऐकायला मला आवडतं. उगाच नाही म्हणून कशाला लिहू? अमरावतीत ट्रकांच्या पाठीवर अक्षरं रंगवत होतो तेव्हापासून डोळ्यापेक्षा कानावर जास्त भरोसा.

भीमरावचा आज शेवटचा दिवस. अकरा वर्षं माझ्या रंगाच्या बूथमध्ये रंग मारला ह्या माणसानं. गुडघे गेले. अमरावतीला मोठ्या मुलाकडे राहणार. शाल दिली, नारळ दिला. नारळ त्यानं गजानन वेल्डरच्या हातात ठेवला, "घे, चटणी कर." गजानन आमचा देवभोळा गडी. सगळ्या मशीनला कुंकू लावून झालं तर मागच्या अंगणातल्या खड्ड्यालाही लावून आला. भीमराव रोज सकाळी आल्याआल्या तिथं एक बादली पाणी ओततो, वाकून दोन मिनिटं उभा राहतो, मग कामाला लागतो. सगळ्यांनी पाहिलेलं.

गजानन म्हणे, "बुद्धविहारात जाणारा माणूस रोज पाणी घालते, मंग आमी कावून नाई घालाचं?"

भीमराव हसला. "घाल बाबा. पण पाणी घाल. कुंकवानं काई होत नाई."

जाताना फाटकापाशी काहीतरी सांगून राहिला होता. माझ्याभोवती पाहुणे. अर्धं ऐकलं. हो हो म्हटलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

मागचं अंगण पक्कं झालं. सिमेंटचे ब्लॉक बसवले, आता पावसाळ्यात चिखल नाही. गजानन कौंडण्यपूरच्या यात्रेहून आला, वर्धेच्या पात्रातला गोल गोटा घेऊन. काळा, तुकतुकीत, नारळाएवढा. "भाऊ, खड्ड्याची जागा हाय ना, तिथं बसवू." ब्लॉकवाल्यानं उरलेल्या सिमेंटचा छान ओटा करून दिला. शेंदूर, झेंडू. नारळ मी फोडला. बायको, शोभा, म्हणाली, कारखान्याला देव नव्हता तो आला. आता तिथं कोणी पाणी ओतत नाही, शेंदूर वाहून जातो म्हणून.

१७ नोव्हेंबर, सोमवार

भीमरावची मुलगी सुषमा आजपासून कामावर. आयटीआय केलेली, अमरावतीत दोन वर्षं एका वर्कशॉपमध्ये गन चालवली. आता अकोल्यातच सासर. हात बापाचा. लोखंडी रॅकवर मारून दाखवलं. विजेचा भार घेऊन फवारा निघतो, लोखंड त्याला ओढून घेतं, समोरून मारलं तरी मागून बसतो. इतकी वर्षं पाहतो आहे, तरी पाहतच राहावंसं वाटतं.

बापाचे जुने ग्लोव्ह्ज घेऊन आली आहे. दोन्ही तळव्यांत मोठी भोकं. कंजूष भीमराव.

पहिलंच विचारलं, "काका, अर्थिंग कुठं आहे?" मीटरच्या बोर्डापाशी नेऊन तिथला अर्थिंगचा खड्डा दाखवला. "हेच?" म्हणाली. हेच, म्हटलं. मान हलवली.

११ फेब्रुवारी, बुधवार

अमरावतीच्या एका हॉस्टेलच्या खाटा मिळाल्या. मोठं काम. एप्रिलच्या मध्याला द्यायच्या.

सुषमाला आज जरा बोललो. खाटेच्या मागच्या पाइपला रंग कमी बसतो आहे, अर्धा हवेत जातो. ती म्हणे गन तशीच धरते काका. रंगवाल्याला फोन केला. तो म्हणे रंग तोच आहे. कोणीतरी खोटं बोलतं आहे.

आणि जेवणाआधी बूथजवळून जाताना एक आवाज. टक. तव्यावर ज्वारीचा दाणा फुटावा तसा, पण त्याहून बारीक. थांबलो. पुन्हा नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा. दोनदा. खाटा ज्या वरच्या लोखंडी रुळाला हुकांनी टांगतो, त्या रुळाच्या भिंतीकडच्या टोकाला. गजाननला बोलावलं. "पत्रे तापून राहिले भाऊ, ऊन किती हाय पाहा ना." पत्र्याचा आवाज मला माहीत आहे. पत्रा पोटातून बोलतो. हा आवाज कोरडा, दात वाजवल्यासारखा.

कोणाला काही बोललो नाही. उगाच पोरगी घाबरायची.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सुषमानं आज स्वतः सांगितलं. "काका, हुक काढताना बोटाले झटका लागते." चेष्टेत सांगितलं, पण हात पदराला पुसत होती.

मी रुळाजवळ हात नेला. लावला नाही, नुसता नेला. हातावरचे केस उभे राहिले. सगळे. वाऱ्यानं गवत उभं राहावं तसे, आणि वारा नव्हता. हात मागे घेतला तरी काही वेळ केस तसेच.

शेजारी थिनरचा डबा. उघडा. रोजच उघडा असतो, आजवर दिसला नव्हता.

२५ फेब्रुवारी, बुधवार

वायरमन आला. मीटरपाशी अर्थिंग तपासली, एकदम चोख. पॅनल चोख. "भाऊ, एवढ्या व्होल्टेजचं काम, अन् तुमी बाईले साध्या चपलेवर उभं करता? रबराची मॅट टाका. चांगले रबरी ग्लोव्ह्ज द्या. करंट जाईन कुठून मंग?" पटलं. लहानपणापासून हेच ऐकलं, लाकडी पाटावर उभं राहा, रबरी चप्पल घाल, मग बटणाला हात लाव.

संध्याकाळी बाजारातून जाड मॅट आणि लांब काळे रबरी ग्लोव्ह्ज. चांगले घेतले, हात आखडला नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सुषमाला ग्लोव्ह्ज दिले. "काका, बाबाचेच बरे होते. बाबा म्हणत, तळवा गनला लागला पाह्यजे." मी म्हटलं, तुझा बाप जुन्या काळचा माणूस, फाटक्यात भागवायची सवय. ते फाटके मी उचलून कचऱ्यात टाकले. तिनं कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. मग नवे घातले. मालक म्हणतो म्हटल्यावर काय करेल?

झटके बंद झाले म्हणते. जिवाला बरं वाटलं.

४ मार्च, बुधवार

बरं वाटलेलं टिकलं नाही. आवाज वाढला. आता पाचसात मिनिटांनी एक. आज मोजले, मग मोजणं सोडून दिलं, मोजताना जीव घाबरा होतो. ती रंग मारते आणि मी ऑफिसात कागद पुढे घेऊन बसतो, कान तिकडे. टक झालं की अक्षर वाकडं होतं.

घरी पाल चुकचुकली तरी दचकतो. शोभा म्हणे, "तुमाले झालं काय? गॅस पेटवला तरी मान वळवता." तिला सांगितलं. ती म्हणाली, ओट्यावर नारळ फोडा. सकाळी फोडला. खरंच फोडला. दोन्ही भकलं पांढरीस्वच्छ निघाली. गजानन म्हणाला, चांगलं हाय भाऊ.

काम थांबवावं का? वायरमन चोख म्हणतो. सुषमा ठीक म्हणते. नुसत्या माझ्या कानासाठी हॉस्टेलच्या खाटा थांबवू? लोक हसतील. हेच लिहून ठेवतो, लोक हसतील म्हणून थांबवलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

जेवढं होईल तेवढं लिहितो.

दुपारी तीनच्या सुमारास. रंग बदलायचा होता. सुषमानं गन बंद केली, खाली ठेवली. मॅटवरच उभी. चिंधी थिनरच्या डब्यात बुडवली, डबा डाव्या हातात, आणि उजव्या हातानं हुक पुसायला गेली. मी दारात. मी पाहत नव्हतो, ऐकत होतो.

टक.

आणि मग भप्प. तिच्या हातातच. निळा जाळ, आधी तिचा आवाजच नाही, मग किंकाळी.

गजानननं वाळूची बादली उपडी केली. त्याच्या भुवया जळाल्या. मी काय केलं? मी "सुषमा" म्हणून ओरडलो, बस. अग्निशामक नळकांडं भिंतीवर होतं, माझ्यापासून चार पावलं. पिन ओढायची ती सुचलीच नाही. गजानननंच ओढली.

उजवा हात कोपरापर्यंत. रबर वितळून कातडीला चिकटलेलं. माझं आणलेलं रबर. डॉक्टर म्हणाले चेहरा वाचला, बोटं हलतात. बोटं हलतात हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं.

१३ मार्च, शुक्रवार

भीमराव सकाळच्या गाडीनं आला. काठी टेकत. हॉस्पिटलच्या बाकावर तो आणि मी. मुलीला पाहून बाहेर आला. मला वाटलं रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं.

"भाऊ, तुमी तिले अर्थिंग कोणती दाखवली?"

मीटरपाशीची, म्हटलं.

"ते तर लाइटीची. रुळाची कुठं हाय?"

मला कळेना. रुळाची वेगळी?

"मागचा खड्डा, भाऊ."

रंगाची मशीन बसवली तेव्हा मी शोभाच्या ऑपरेशनसाठी नागपुरात. भीमरावनं मशीनवाल्याच्या माणसाबरोबर सगळं बसवलं. फोनवर कोळसा आणि मीठ मागितलं होतं, मी पाठवलं. कुठं पुरलं, कधी विचारलं नाही. रुळावरचा भार लोखंडी पट्टीनं त्या खड्ड्यात उतरायचा. माती ओली राहावी म्हणून रोज बादलीभर पाणी. वाकून उभा राहायचा तो पट्टीचा नट पाहायला. अकरा वर्षं मी समजलो की तो खड्ड्याच्या पाया पडतो.

ग्लोव्ह्जचे तळवे त्यानं मुद्दाम कापलेले. उघडा तळवा गनच्या मुठीला लागला की माणसावरचा भार मुठीतून उतरतो. मी तिला रबरात गुंडाळून, रबरावर उभी करून, सगळा भार तिच्याच अंगात साठवला. ती हुकाला शिवली, आणि तो तिथून उडाला.

१४ मार्च, शनिवार

ही वही चाळली. १ ऑक्टोबर. "अर्धं ऐकलं. हो हो म्हटलं."

भीमरावला विचारलं, तेव्हा फाटकापाशी काय सांगितलं होतंस? म्हणाला, "म्हटलं, भाऊ, खड्ड्याले पाणी कोणाले तरी लावून द्या. अन् नट पाहात जा. तुमी हो म्हणाले, म्हणून मी गेलो."

अख्ख्या इस्टेटच्या मोटरी मी ऐकतो.

मग मी विचारलं, आणि विचारायला नको होतं: सुषमानं तुला ओट्याचं सांगितलं नाही का?

"सांगतलं ना. म्हणे, बाबा, खड्ड्यावर देव बसवला. मी म्हटलं, भाऊनं दुसरी अर्थिंग केली असन. तू इचारून पाहाय. तिनं इचारलं, तुमी दाखवली." काठी फिरवत बसला. मग खाली पाहत, "खरं सांगू भाऊ? मले शंका आलती. पण मी येऊन म्हणाचं, तुमचा देव उचला? म्या? लोक काय म्हणाले असते? चूप बसलो. माही पोरगी होती, तरी चूप बसलो."

चहा आला, गार झाला.

१६ मार्च, सोमवार

बूथ बंद. हॉस्टेलवाल्यांचा फोन. उचलला, खरं सांगितलं. त्यांनी मुदत वाढवून दिली.

गजाननला आणि बाकीच्यांना ओट्यापाशी बोलावून सांगितलं. गजानन पांढरा पडला, भुवयांशिवायचं तोंड आणखीच उघडं दिसतं. एकजण म्हणाला, देवानं वाचवलं म्हणून तर हातावर भागलं. दुसरा, बसलेला देव हलवला तर कारखाना बसन. मी शहाणपणा केला. म्हटलं, ओटा राहू द्या, आपण दुसरीकडे नवा खड्डा करू. कोणाचं काही जात नाही. सगळ्यांचे चेहरे सैल झाले.

भीमराव मागे उभा होता. पहिल्यांदाच बोलला. "नवा करा, कुठंई करा. पण जुनी पट्टी तुटली का नाई, हे पाहाचं नाई? नसन तुटली तर आवाज दुसरीकून येते. कशानं झालं हे माहीत नसलं, तर नवा खड्डा म्हंजे दुसरा ओटाच."

एकेक करून सगळे आत गेले. मीही. मला भीती वाटली, ती कशाची ते नीट सांगता येत नाही. ओटा फोडायची होती, आणि त्याखाली काय निघेल त्याचीही.

२१ मार्च, शनिवार

पाडवा झाला, गजानन कामावर आला. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. सरळ मागे गेला. मी छिन्नी घेऊन गेलो तर हातानं अडवलं. "म्या बसवला, मीच उचलतो." गोट्याला नमस्कार केला, उपरण्यात गुंडाळला. "वर्धेचा होता, वर्धेत सोडून येतो. नदीचं नदीले. त्याच्यात पाप नाई." मग भीमरावकडे वळून, "काका, तुमी पह्यल्या दिवशीच सांगतलं होतं. पाणी घाल म्हणून."

"मी धड सांगतलं कुठं? हासलो नुसता."

ओटा फोडायला तास लागला. खाली काळी माती, उन्हानं फाटलेली. भेगेत गजाननचा हात कोपरापर्यंत गेला. पट्टी मिठानं गंजून कागदासारखी झालेली, आणि माती आवळली तशी ताणून तुटलेली. दोन टोकं, मध्ये दोन बोटं जागा. पावसाळ्यात माती फुगलेली, तोवर टोकं टेकून असावीत, म्हणून नोव्हेंबरात रंग छान बसत होता. माती सुकत गेली तसं अंतर पडलं. आणि मी वर नारळ फोडत होतो.

सगळे वाकून पाहत होते. जो कारखाना बसन म्हणाला होता त्यानंच खाली बसून टोकाला बोट लावून पाहिलं, आणि झटकन काढून घेतलं, जणू अजून काही उरलंय त्यात.

२ एप्रिल, गुरुवार

नवा खड्डा त्याच जागी. कोळसा, मीठ, जाड तांब्याची पट्टी, वर उघडतं झाकण. पाणी ओतायला पाइप. झाकणावर कोणी कुंकू लावू नये म्हणून मी पाटी रंगवायला ब्रश घेतला. भीमराव म्हणाला, "लावू द्या ना. कुंकू लावलं तर पाणी घालाची आठवण राहीन. झाकण उघडते का नाई, तेवढं पाहा." पाटीवर नुसतं लिहिलं: रोज एक बादली. कितीतरी वर्षांनी हातानं अक्षर काढलं. "बा"चा काना वाकडा आला.

जोडणी शाबूत आहे का ते दाखवणारा मीटर घेतला, एक टोक हुकाला आणि एक पट्टीला लावून पाहायचा. हुकांवर चढलेला जुना रंग जाळून काढला; रंगाचा थर असला तर हुकातूनही भार उतरत नाही म्हणे. थिनरच्या डब्याला झाकण आणि पट्टीला जोडलेली तार. मॅट फेकली.

सुषमाकडे जाऊन आलो. हाताला अजून पट्ट्या. कामाचं विचारलं नाही. तिनंच सांगितलं, "चौदा एप्रिल होऊ द्या काका, मंग पाहू." तिच्या सासूबाई आतून म्हणाल्या, "पाहू काय, नाई म्हण ना."

मी भीमरावला म्हटलं, आता मी स्वतः कान लावून उभा राहीन, एक टक झाली तरी बंद करीन. तो माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. तुमच्या कानावर माह्या पोरीचा जीव ठेवत नाई मी."

राग नाही आला. यायला हवा होता असंही वाटलं नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

ठरवलं, आधी मी मारीन. मालिश करून घेतलेला खांदा, चष्मा, तोंडाला मास्क. उघडा तळवा मुठीवर. मीटर चांगला दाखवत होता, भीमरावनं स्वतः वाचला. गजानन अग्निशामक घेऊन दारात, पिन काढूनच.

चाप ओढता आला नाही. बोट वाकेना. तीनदा प्रयत्न केला. बाहेर कुठंतरी कोणी पत्रा टाकला आणि मी गन जवळजवळ सोडलीच. भीमरावनं काठी भिंतीला लावली, माझ्या हातातून गन घेतली, गुडघे आवळून उभा राहिला आणि एक खाट मारली. पुढून मारली, मागून बसली. सुरेख. आवाज नाही.

मला मात्र आला. म्हणजे आल्यासारखं वाटलं. विचारलं तर दोघंही म्हणाले नाही. आता मला कळत नाही, कान आवाज ऐकतो की भीती ऐकतो.

१४ एप्रिल, मंगळवार

सुट्टी. सुषमाच्या घरी जेवायला गेलो, भीमरावही तिथंच. निळे झेंडे, डीजे, दहा पावलांवर माणसाचा शब्द ऐकू येईना. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा टक आठवली नाही. सुषमानं डाव्या हातानं वाढलं. उजवा हात गुलाबी, कातडी ताणलेली, मनगट पूर्ण वळत नाही. माझं लक्ष तिकडे गेलं हे तिनं पाहिलं. "खीर घ्या ना काका." घेतली.

सासूबाईंना म्हटलं, ती नाही आली तरी तिचा पगार आणि औषध माझ्याकडे. त्या म्हणाल्या, "ते तर हायेच. भेव गेलं पाह्यजे तिचं." म्हटलं, माझंच गेलं नाही अजून. त्यावर पहिल्यांदा हसल्या.

१६ एप्रिल, गुरुवार

सकाळी साडेआठला फाटकात सुषमा. मागे भीमराव. मी ऑफिसातून उठलो, पण पुढे गेलो नाही. ती सरळ मागे गेली. नळावरून बादली भरली, डाव्या हातानं उचलली, झाकण उघडलं, पाणी ओतलं. वाकली. दोन मिनिटं. बापासारखीच. नट हलवून पाहिला.

बूथमध्ये आली. मीटरचं एक टोक हुकाला, एक पट्टीला. वाचला. वहीत लिहिला. बापाकडे दिला, त्यानं वाचला. थिनरच्या डब्याचं झाकण दाबून पाहिलं. गजानन दारात, बोट पिनेवर. हॉस्टेलची एक खाट टांगलेली.

नवे ग्लोव्ह्ज तिनं घरूनच कापून आणले होते. तळव्याच्या जागी गोल भोकं, कडा कच्च्या. उजव्या हाताला घालताना दात आवळले. गन उचलली. चाप ओढला, एक पट्टा मारला, सोडला.

माझ्याकडे वळली.

"काका, काई आयकू आलं?"

गेल्या वर्षी विचारलं असतं तर विचार न करता सांगितलं असतं. हो किंवा नाही, आणि सगळ्यांनी मानलं असतं.

"माहीत नाई बाई," म्हटलं. "खरंच माहीत नाई."

तिनं मान हलवली. गन खाली ठेवली. मीटर उचलून पुन्हा हुकाला लावला. काटा हलत होता, स्थिर व्हायचा होता. आम्ही चौघं त्याच्याकडे पाहत उभे.